पूर्वेला मत

किशिनेव्ह, २८ जुलै १९०३

लिपादादा,

तुझं पत्र पोचलं आणि चहाची पुडीही. चहा मामंजींनी कुलपात ठेवला आणि किल्ली कुठे ठेवली ते विसरले. म्हणजे तुझा चहा सुखरूप आहे.

तू बाझेलच्या अधिवेशनाला निघालास, हे प्रार्थनाघरात सगळ्यांना कळलंय. जगभरातले यहुदी पुढारी जमणार, आपल्या लोकांना हक्काची जमीन कुठे मिळते ते बघणार, आणि तिथे किशिनेव्हच्या वतीने बसणार कोण, तर पाढे चुकले की माझी वेणी ओढणारा माझा भाऊ! तू राहतोस ओडेसात, पण आमच्या यांनी पिंपांना पट्ट्या ठोकायचं काम बाजूला ठेवून दारोदार तुझ्यासाठी मतं मागितली. ‘येखिएल, तुझा मेहुणा बोलतो फार,’ असं लोक म्हणाले. ‘म्हणूनच पाठवू या, तेवढीच आपल्याला शांतता,’ असं यांनी सांगितलं आणि मतं मिळाली.

आता नीट ऐक. वल्हांडण सणाच्या शेवटी त्या दोन दिवसांत जमावाने इथे आपली घरं फोडली, माणसं मारली, ते तुला एकदा लिहिलंय, परत लिहिणार नाही. माझी शिफ्रा अजून उंबरठ्याबाहेर पाय टाकत नाही. नऊ वर्षांची पोर, दाराशी येते, खाली बघते आणि मागे फिरते. उशी घेत नाही, कारण त्या दिवशी गल्लीभर उशांमधली पिसं उडत होती. कोणी समजावलं की मान हलवते आणि तिथेच उभी राहते.

तिकडे विद्वान मंडळी खूप बोलतील. तू बोलू नकोस. कोणी विचारलं, अमुक जमीन देतो, घेता का, तर उभा राहा आणि हो म्हण. चंद्रावर देत असले तरी हो म्हण. मला एवढंच पाहिजे, की ही पोर जिथे दाराबाहेर पडेल अशी एखादी जागा असावी. बाकीचं तत्त्वज्ञान तू नंतर कर.

पेस्या


बाझेल, २४ ऑगस्ट १९०३

पेस्या,

तारीख बघून दचकू नकोस. रशिया सोडला की सगळं जग आपल्या तेरा दिवस पुढे चालतं. माझ्या आयुष्यातले तेरा दिवस गाडीत कुठे पडले, ते मला अजून कळलेलं नाही.

काल अध्यक्षांनी जाहीर केलं, की इंग्रज सरकार आपल्याला जमीन द्यायला तयार आहे. आधी टाळ्या वाजल्या. मग लोक एकमेकांना विचारू लागले, ‘कुठे म्हणाले?’ पूर्व आफ्रिकेत! सगळे तिला युगांडा म्हणताहेत. माझ्या शेजारी एक इंजिनियर बसतो, त्याच्या मते ती जमीन युगांडात नाहीच, शेजारच्या मुलखात डोंगरावर आहे. ‘मग युगांडा का म्हणता?’ ‘सगळे म्हणतात म्हणून.’ असं हे आमचं राज्य, पत्ता चुकीचा आणि भांडण मात्र खरं.

व्यासपीठामागे दर वेळी जेरुसलेमच्या देशाचा नकाशा असतो. या वेळी तिथे आफ्रिकेचा लावलाय. एक बाई तावातावाने आली आणि तो ओढायला लागली. लोक म्हणतात, ही मुक्कामाची जागा नाही, नुसती वाटेवरची धर्मशाळा आहे. दुसरे म्हणतात, धर्मशाळेत शिरलेला माणूस परत निघत नाही. दोन्ही बाजूंचं ऐकलं की मला दोन्ही पटतात, आणि जेवताना तिसरंच काहीतरी पटतं.

पण तू काळजी करू नकोस. मी शिफ्राला विसरलेलो नाही. मी हो म्हणणार.

लिपा


बाझेल, २७ ऑगस्ट १९०३

पेस्या,

मतदान झालं. एकेकाचं नाव पुकारत होते, उभं राहून हो की नाही एवढंच सांगायचं. हो म्हणणारे जास्त निघाले. आफ्रिकेत पाहणी करायला माणसं जाणार.

मी पूर्वेला मत दिलं. तू समजून घेशीलच.

सभागृहात मोठमोठी माणसं रडली. माझं डोकं दुखतंय. शिफ्रासाठी चॉकलेट घेतलंय, ते वितळू नये म्हणून खिडकीत ठेवलंय.

लिपा


किशिनेव्ह, २० ऑगस्ट १९०३

दादा, माझ्या लाडक्या दादा,

तुझं पत्र आलं तेव्हा त्यावरची तारीख इथे उजाडायचीच होती! पोस्टमन म्हणाला, ‘बाई, हे उद्याच्या पलीकडून आलंय.’ मी त्याला बसवून मामालिगा खायला घातला, वर चीज किसून. मक्याची ती लापशी बघून त्याला वाटलं घरात लग्न आहे.

तू शब्द पाळलास. मी पत्र मोठ्याने वाचलं. ‘पूर्वेला मत दिलं’ म्हटल्यावर यांनी हातातला हातोडा खाली ठेवला आणि म्हणाले, ‘पूर्वेला म्हणजे पूर्व आफ्रिकेला.’ मामंजी खवळले. ‘पूर्व म्हणजे आपली पूर्व! ज्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो ती, जेरुसलेमची!’ मग शाळामास्तरांना बोलावलं. त्यांनी नकाशा पसरला आणि नवीनच घोळ करून ठेवला. म्हणाले, ‘किशिनेव्हहून जेरुसलेम पूर्वेला नाहीच, जवळजवळ सरळ दक्षिणेला आहे.’ मामंजींचा चेहरा बघायला हवा होतास. ‘मग सत्तर वर्षं मी कोणाकडे तोंड करतोय?’ मास्तर म्हणाले, ‘रोस्तोव्हकडे.’ दोन दिवस झाले, मामंजी त्यांच्याशी बोलत नाहीत.

प्रार्थनाघरातही तोच गोंधळ. आफ्रिकेत गेलो तर तोंड उत्तरेला करायचं का? पावसाची प्रार्थना कधी म्हणायची? इथे आपण चिखलात उभे राहून जेरुसलेमसाठी पाऊस मागतो, ते ठीक आहे. पण आफ्रिकेत त्याच वेळी कापणी आली आणि तिथला पाऊस वाढला तर? अर्धे म्हणतात, देवाला पत्ता कळतो. अर्धे म्हणतात, आजवरचा अनुभव तसा नाही.

आम्ही मात्र आफ्रिकाच धरली आहे. तूच आधीच्या पत्रात लिहिलं होतंस, हो म्हणणार म्हणून. यांनी विचारलंय, तिथे ओकचं लाकूड मिळतं का. नसेल तर कसली पिंपं बनवतात? आणि पिंपात भरतात काय? ते सगळं बघू म्हणाले. आमची कार्यशाळा यांनी कोपऱ्यावरच्या मोल्दाव्हियन पिंपवाल्याला विकून टाकली. रंधे, पट्ट्यांची भट्टी, सगळं. माणूस भला आहे, एप्रिलमध्ये त्याने आमच्या दोन शेजाऱ्यांना तळघरात लपवलं होतं. विकून ये असं मीच यांना म्हटलं. अर्धवट तयारीने कुठे जाता येत नाही.

शिफ्राला सांगितलं, मामाने आपल्यासाठी देश मागून घेतलाय. तिने विचारलं, ‘तिथे दार कसं आहे?’ मी म्हटलं, मामाला विचारते. तर विचारते आहे.

पेस्या


ओडेसा, ३० ऑगस्ट १९०३

पेस्या,

कार्यशाळा परत घ्या. येखिएलला सांग, आजच जा. ठराव फक्त पाहणीचा आहे, जमीन बघून येणार, मग पुढच्या अधिवेशनात पुन्हा चर्चा, मग पुन्हा मत. बोट वगैरे काही नाही. तू घाई केलीस, मी तसं कुठेच लिहिलं नव्हतं.

दार कसं आहे ते मला माहीत नाही.

लिपा


किशिनेव्ह, १४ सप्टेंबर १९०३

लिपा,

कार्यशाळा परत मिळाली नाही. मोल्दाव्हियनाने आपल्या भावाला त्यात बसवलंय. यांना म्हणाला, ‘तू माझ्याकडे मजुरीने ये.’ स्वतःच्या रंध्याने दुसऱ्याचं पिंप करतात आणि घरी येऊन काही बोलत नाहीत. हे बोलत नाहीत म्हणून मी बोलते.

शनिवारी प्रार्थनाघरात एक पाहुणा आला होता, बाझेलहून परतलेला. त्याने उभं राहून सांगितलं, ‘किशिनेव्हने लाज राखली! इतकं सोसूनही किशिनेव्हच्या माणसांनी आफ्रिकेला नाही म्हटलं!’ लोक रडले. आमचे हे उठले आणि म्हणाले, ‘माझ्या मेहुण्याने हो म्हटलं. पत्र आहे घरी. पूर्वेला मत दिलंय.’ पाहुण्याने तुझं नाव विचारलं. यांनी सांगितलं. तो म्हणाला, ‘अहो, तेच तर! त्यांचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. नाही म्हणाले.’ मग लोकांनी यांना मिठ्या मारल्या, तुझे नातेवाईक म्हणून. हे तिथे ओंडक्यासारखे उभे. मामंजी घरी येऊन म्हणाले, ‘मी सांगत होतो, आपली पूर्व.’ बरोबर निघाले म्हणून खूश आहेत, आणि कुठे जायचं नाही हे कळलं म्हणून रडताहेत, दोन्ही एकाच वेळी.

मला राग आला आहे का, तेही नीट कळत नाही. तू नाही म्हणालास ते एक. पण ‘पूर्व’ हा शब्द तू शोधून काढलास. मी हो समजेन आणि तू खोटं बोलला नाहीस असंही होईल. एवढी अक्कल तुझ्याकडे होती, मग ती तिथे का नाही वापरलीस?

हे क्षमा मागायचे दिवस आहेत, चार दिवसांनी मोठा उपास. मला क्षमा नको आहे तुझी. मला कारण पाहिजे. माझ्या दारातली पोर बघून तू कशाला नाही म्हणालास?

पेस्या


ओडेसा, २ ऑक्टोबर १९०३

पेस्या,

पाच वेळा लिहिलं आणि फाडलं. प्रत्येक वेळी कारण वेगळं आलं, आणि प्रत्येक वाचताना खरं वाटलं, म्हणून फाडलं.

माझं नाव पुकारलं तेव्हा तोंडात ‘हो’ होतं. उभा राहिलो. शिफ्राला आफ्रिकेत बघायचा प्रयत्न केला. एका टेकडीचं नाव आठवेना. मुळात मला कुठली माहीतच नव्हती! नदी नाही, विहीर नाही, बाजाराचा रस्ता नाही. ती पोर एका पांढऱ्या कागदावर उभी दिसली. आणि जेरुसलेमच्या देशात मी कधी गेलो नाही, तरी तिथल्या टेकड्या, वेशी, कुठल्या महिन्यात काय पिकतं, सगळं मला पाठ. परवा आपण पावसाची प्रार्थना म्हटली ना? ओडेसात बाहेर धो धो पडत होता, बूट चिखलाने भरले होते, आणि मी कुठल्यातरी कोरड्या शेतासाठी डोळे मिटून पाऊस मागत होतो. मनापासून. हे काय आहे, सांग मला. मला मुलांना व्याकरण शिकवता येतं, हे सांगता येत नाही. तर तोंड उघडलं आणि ‘नाही’ बाहेर पडलं.

त्यानंतर नाही म्हणणारे उठून बाहेरच्या दालनात गेले आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाच्या उपासाला बसतात तसे जमिनीवर बसले. मीही बसलो. लोक माझ्याजवळ येऊन हात दाबत होते. ‘किशिनेव्हचे ना तुम्ही? धन्य आहात!’ एका म्हाताऱ्याने माझ्या हाताचं चुंबन घेतलं. पेस्या, त्या दोन दिवसांत मी ओडेसात होतो, वल्हांडणाच्या मेजाशी बसून मासा खात होतो. सोसलंस तू, आणि हात माझा चुंबला. तेव्हा मला कळलं की मी तुझ्या वतीने ‘नाही’ म्हटलं आणि तुला विचारलं नाही. न विचारताही तू स्पष्ट उत्तर दिलं होतंस. तरीही.

म्हणून ‘पूर्व’ लिहिलं. हो लिहवेना, नाही लिहवेना.

पुन्हा मत दे म्हणाले तर काय म्हणेन, माहीत नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, पण खरं हेच आहे.

लिपा


ओडेसा, बंदर, २४ एप्रिल १९०४

लिपा,

सामान वर चढतंय, तेवढ्यात लिहिते आहे. आम्ही जेरुसलेमच्या देशात चाललो, याफा बंदराला. कुठल्या ठरावाने नाही. तिथल्या एका यहुदी वसाहतीत द्राक्षाची दारू करतात आणि त्यांना पिंपं बनवणारा पाहिजे, ही जाहिरात यांनी वाचली. कार्यशाळा गेली नसती तर वाचलीही नसती. अमेरिकेचं तिकीट परवडत नव्हतं, आफ्रिकेला कोणी बोलवत नाही. पिंपं जिथे पाहिजेत तिथे चाललो.

मामंजी सोबत आहेत. बंदरावर आल्यापासून विचारताहेत, आता तोंड कुठल्या बाजूला. बोट वळली की परत विचारणार.

शिफ्राला घरातून बाहेर काढताना यांनी उचलून घेतली. डोळे गच्च मिटले होते. बंदरावरही उघडले नाहीत.

तुझं घर इथून जवळ आहे, सकाळी दारावरून गेलो. पडदे नवे लावलेत. मी थांबले, पण कडी वाजवली नाही. वाजवली असती तर काय बोलले असते, ते अजून जुळत नाही.

पेस्या


ओडेसा, ९ नोव्हेंबर १९०५

पेस्या,

जिवंत आहोत. मी, तुझी वहिनी, दोघंही. आधी एवढं वाच, मग पुढचं.

इथे ऑक्टोबरात जे झालं ते किशिनेव्हपेक्षा मोठं. वर्तमानपत्रात आकडे येतील, खोटेच असतील. आम्ही दाराला कपाट लावून तीन दिवस मागे बसलो. कपाटात माझी पुस्तकं होती, म्हणून ते जड होतं. विद्येचा झालेला हा एकच उपयोग. बाहेर पिसं उडत होती. तू लिहिलं होतंस तेव्हा मी ते वाचलं होतं, आता पाहिलं.

कपाटामागे बसून मी तुला उत्तर देत होतो. त्या क्षणी कोणी विचारलं असतं, युगांडा घेता का, सैबेरिया घेता का, तर मी हो हो हो म्हणालो असतो. आणि तिसऱ्या दिवशी शांत झालं, मी बाहेर आलो, प्रेतं उचलणाऱ्यांना मदत केली, आणि पुन्हा खात्री वाटेना. मग माणसाने कोणत्या दिवसाचं मत खरं धरायचं? कपाटामागचं की सभागृहातलं?

आफ्रिका आता संपली. पाहणीची माणसं उन्हाळ्याआधी परतली, ती जमीन थोड्याच लोकांना पुरेल आणि तिथे आधीच गुरं चारणारे लोक राहतात, असं सांगितलं. अधिवेशनाने आभार मानून फाईल मिटली. मी गेलो नव्हतो. यापुढे फक्त जेरुसलेमचा देश, असं ठरलं. म्हणजे माझं मत जिंकलं. जिंकल्यासारखं मात्र काही वाटत नाही.

आणि आता हे लिहितो, तू हसशील. तुझ्या वहिनीचा भाऊ न्यूयॉर्कला आहे. तो बोलावतो आहे. टोप्यांच्या कारखान्यात काम लावून देतो म्हणाला. तिने आता इथे राहणार नाही असं सांगितलंय, आणि याफाला का नको विचारलं तर म्हणाली, ‘तुम्ही मत दिलं होतं तिकडे, मी नाही.’ पूर्वेला मत देणारा तुझा भाऊ पश्चिमेला निघाला आहे. बहुतेक. तिकीट अजून काढलेलं नाही. रोज कचेरीपर्यंत जातो आणि परत येतो.

तुमचं कसं चाललंय? तू दीड वर्षात दोनच ओळी लिहिल्यास, त्याही येखिएलच्या पत्राखाली.

लिपा


याफाजवळून, ६ जानेवारी १९०६

दादा,

तुझं पत्र यांनी वाचून दाखवलं, कारण जिवंत आहोत या शब्दांपुढे मला दिसेना. मग मी धुणं धुतलं, पुन्हा वाचलं, आणि रडले. राग होता तो कुठे गेला म्हणून शोधला. आहे अजून. पण तुझ्या कपाटामागे मी तुझ्या शेजारी बसले होते असंच मला वाटत राहिलं, आणि तिथे बसून भांडता येत नाही.

हसले नाही. वहिनी बरोबर बोलली.

आमचं बरं चाललंय आणि वाईटही. ताप येतो. मामंजींना उन्हाळ्यात तापानेच नेलं. शेवटच्या दिवशी बरेच शांत होते. खाटेवरून म्हणाले, ‘इथून तोंड कुठे करायचं ते कोणी विचारत नाही, बरं आहे.’ हे दारूच्या कोठारात मुकादमाखाली आहेत. लाकूड परदेशातून येतं, यांना ते आवडत नाही. पिंपं गळत नाहीत, एवढं मात्र सगळे मान्य करतात.

तू जी पाठ केली होतीस ती नावं इथे खरंच आहेत, पण जागा रिकाम्या नाहीत, दादा. आफ्रिकेत गुरं चारणारे होते म्हणतोस, तसे इथेही आहेत. आमच्या कुंपणापलीकडे अरबांचं गाव आहे. त्यांची संत्री, त्यांच्या शेळ्या, त्यांची कबरस्तानं. तिथली उम्म खलील अंडी घेऊन येते. तुझ्या पुस्तकात ती होती का? मी हे टोमणा म्हणून विचारत नाही. मला खरंच माहीत नाही की आम्ही तिच्या शेजारी आलो, की तिच्या घरात. ती चांगली वागते, आणि तिचा नवरा आमच्याकडे बघत नाही. दोन्हींचा अर्थ लावता लावता दिवस जातो.

शिफ्रा बाहेर पडते. हे तुला सगळ्यात शेवटी सांगायचं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. कसं झालं ते कळलंच नाही. एके सकाळी अंडी फुटली म्हणून उम्म खलील ओरडली, आणि ही धावत गेली, अनवाणी, दाराकडे न बघता. आता संध्याकाळपर्यंत तिच्या मुलींबरोबर असते. त्यांची भाषा फडाफडा बोलते, आमच्या भाषेत मात्र अजून कमी बोलते. काल चक्क उशी मागितली.

काल उम्म खलील दाराशी बसली होती. मला काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं, हसून, पाहुणीला विचारतात तसं. मला कळेना, मी नुसतीच हसले. शिफ्राने सांगितलं, ‘ती विचारते आहे, तुम्ही परत कधी जाणार?’

कुठे परत? किशिनेव्हला? कधीच नाही म्हणावं, तर तिला काय वाटेल? लवकरच म्हणावं, तर मला काय वाटेल? तेवढ्यात शिफ्राच तिला भराभर काहीतरी बोलली. उम्म खलीलने मान हलवली, टोपली उचलली आणि गेली.

मी विचारलं, ‘काय सांगितलंस गं तिला?’

म्हणाली, ‘सांगितलं, अजून आमचा मामा यायचा आहे. तो आला की ठरवू.’

न्यूयॉर्कचं मी तिला अजून सांगितलेलं नाही. दादा, तिकीट काढलंस का?

पेस्या